स्ट्रोक्सटाउनचे दप्तर

आयर्लंडच्या पश्चिम-मध्य भागात, रॉसकॉमन काउंटीत, स्ट्रोक्सटाउन नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. पण गावाचा मुख्य रस्ता पाहिला तर पाहुणा चकित होतो. एवढ्याशा वस्तीला न शोभणारा हा रस्ता देशातील सर्वांत रुंद रस्त्यांपैकी एक गणला जातो. त्याच्या एका टोकाला सेंट जॉनचे अष्टकोनी चर्च आहे आणि दुसऱ्या टोकाला महॉन घराण्याच्या हवेलीची कमान. व्हिएन्नाच्या सुप्रसिद्ध रिंगस्ट्रासवरून प्रेरणा घेऊन एका जमीनदाराने हा रस्ता आखला, अशी कथा पर्यटकांना हौसेने सांगितली जाते. व्हिएन्नाचा तो रस्ता बांधण्याचा हुकूम १८५७ साली निघाला. स्ट्रोक्सटाउनच्या महॉन घराण्यातील लॉर्ड हार्टलंड ही पदवी तर त्याआधीच, १८४५ साली, शेवटच्या धारकाबरोबर संपली होती. तेव्हा ही कथा कालगणनेच्या पहिल्याच परीक्षेत नापास होते. पण गावाला आपल्या रस्त्याचा मोठेपणा कोठून तरी दूरच्या राजधानीतून आणावासा वाटतो. छोट्या गावांच्या इतिहासाचे बरेचसे लेखन अशाच हौसेतून होत असते.

तसे पाहता स्ट्रोक्सटाउनला उसन्या मोठेपणाची गरज नाही. आयरिश भाषेतील गावाच्या नावाचा अर्थ ‘घावांचा उतार’ असा काहीसा होतो. नदी ओलांडण्याच्या जागी कधी काळी झालेल्या लढाईची आठवण त्यात असावी. गावापासून काही मैलांवर टल्स्कजवळ रथक्रोहन आहे. कॉनॉट प्रांताच्या प्राचीन राजांचे हे आसन आणि आयरिश वीरकथांची भूमी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, क्रॉमवेलच्या स्वारीनंतर झालेल्या जमिनींच्या उलथापालथीत, हा मुलूख महॉन घराण्याकडे आला. १७३०च्या दशकात त्यांनी जुन्या घराचा विस्तार करून आजची हवेली उभारली. तिचा आराखडा रिचर्ड कॅसल्स या वास्तुशिल्पज्ञाचा मानला जातो. मालकिणीला वरून देखरेख करता यावी म्हणून हवेलीच्या स्वयंपाकघराला सज्जा आहे. नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालून भुयारही काढलेले आहे. समाजरचनेवरील एखादा ग्रंथ जे सांगेल ते हा सज्जा आणि हे भुयार मिळून थोडक्यात सांगतात.

वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न आयर्लंडमध्ये अशा हवेल्यांच्या निमित्ताने फार कटुतेने विचारला गेला आहे. स्वातंत्र्ययुद्ध आणि त्यापाठोपाठचे यादवी युद्ध, म्हणजे १९१९ ते १९२३ या काळात, जमीनदारांच्या पावणेतीनशेच्या आसपास हवेल्या जाळल्या गेल्या. ज्या वाचल्या त्यांपैकी अनेक पुढे दुरुस्तीअभावी कोसळल्या, आणि त्यांच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही. ज्या घराच्या मुखत्याराने आपल्या पणज्याचे छप्पर उतरवले, ते घर राष्ट्राचा ठेवा म्हणून शाकारण्यासाठी कर भरावा असे एखाद्या शेतकऱ्याला वाटले नाही, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, जळालेल्या घराबरोबर त्या घराच्या हिशेबवह्याही जळतात. अन्याय करणाराचा पुरावा बहुधा त्याच्याच कपाटात असतो, ही गोष्ट आग लावताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्ट्रोक्सटाउनच्या बाबतीत मात्र हे कपाट शाबूत राहिले, तेही जवळजवळ योगायोगाने. १९७९ साली महॉन घराण्याच्या शेवटच्या वारसदार ऑलिव्ह पाकेनहॅम महॉन यांनी हवेली आणि भोवतीची जमीन विकली. ती घेणारे जिम कॅलरी हे गावातलेच व्यावसायिक. त्यांना आपल्या मोटार-ट्रकांच्या व्यवसायासाठी जागा हवी होती. जुन्या कचेरीतील कागद चाळताना त्यांच्या हाती १८४६ सालचा एक अर्ज लागला. क्लूनाही या वाडीतील कुळांनी जमीनदाराला लिहिलेला. बटाट्याचे पीक गेले आहे, घरची माणसे उपाशी आहेत, कामाची सोय करावी, असा त्याचा आशय. आपण जे घर गॅरेजच्या सोयीसाठी घेतले त्यात काय दडले आहे हे त्या गृहस्थांना त्या कागदाने कळले. पुढे हवेली लोकांसाठी खुली झाली आणि तिच्या तबेल्यांच्या आवारात दुष्काळाचे संग्रहालय उभे राहिले. १९९४ साली त्याचे उद्घाटन त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते झाले. सापडलेल्या कागदांची संख्या पन्नास हजारांहून अधिक भरली.

या संख्येचे मोल कळण्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत हवी. जून १९२२मध्ये डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीतील सरकारी अभिलेखागार यादवी युद्धाच्या आगीत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेच्या घरवार नोंदी जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. दुष्काळापूर्वी कोणत्या वाडीत कोण राहत होते हे सांगणारा राष्ट्रीय पुरावाच नाहीसा झाला. अशा देशात एका जमीनदारीचे सलग दप्तर हाती येणे म्हणजे जळून गेलेल्या ग्रंथातील एक प्रकरण शेजाऱ्याच्या माळ्यावर सापडण्यासारखे आहे.

या प्रकरणाची सुरुवात एका वेडाच्या निदानाने होते. तिसरा लॉर्ड हार्टलंड मनोरुग्ण ठरला आणि जमीनदारीचा कारभार वर्षानुवर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. या काळात खंडाची वसुली ढिली पडली, थकबाकी साचत गेली आणि जमिनींचे तुकडे होत राहिले. बापाने मुलाला, मुलाने जावयाला तुकडा काढून द्यायचा, हे विभाजन बटाट्यामुळेच शक्य झाले होते. धान्यावर जगणाऱ्या कुटुंबाला जेवढी जमीन लागते तिच्या अंशभर जमिनीत बटाट्यावर कुटुंब जगू शके. ‘लंपर’ जातीचा बटाटा चवीला सुमार, पण निकृष्ट जमिनीतही भरघोस येणारा. धान्य पिकवायचे ते खंडासाठी आणि बटाटा खायचा, अशी ही विभागणी होती. तिच्यात पैशाचे व्यवहार इतके कमी, की बटाटा गेल्यावर बाजारातील दुसरे अन्न विकत घेण्याची ऐपतच कुळांपाशी नव्हती.

१८४५ साली लॉर्ड हार्टलंड वारला आणि त्याचा नातलग मेजर डेनिस महॉन वारस झाला. त्याला मिळाली ती कर्जाने वाकलेली, तुकड्यातुकड्यांत विभागलेली, हजारो माणसांनी गजबजलेली जमीनदारी. त्याच शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. पुढच्या वर्षी, १८४६ साली, जवळजवळ सगळे पीक गेले. क्लूनाहीचा अर्ज याच वर्षीच्या ऑगस्टमधला आहे.

लंडनच्या सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून मका आणवला. त्यांच्यानंतर आलेल्या रसेल मंत्रिमंडळाने रस्तेबांधणीची कामे काढली. मार्च १८४७मध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. १८४७च्या उन्हाळ्यात अन्नछत्रांतून दिवसाला सुमारे तीस लाखांना सूप आणि लापशी मिळत होती. म्हणजे यंत्रणा मनात आणले तर पोचू शकत होती. आणि नेमकी तीच यंत्रणा त्या वर्षीच्या शरद ऋतूत बंद करण्यात आली. आयर्लंडच्या दारिद्र्याचा भार आयर्लंडच्या मालमत्तेने सोसावा, हे तत्त्व पुढे करण्यात आले. स्ट्रोक्सटाउनसारख्या गावात तत्त्व कसे उतरले ते जमीनदारीच्या कागदांत दिसते.

वर्कहाऊसचा खर्च स्थानिक गरीबपट्टीतून भागवायचा होता. १८४३च्या कायद्याने ज्या जमिनीचे मूल्यांकन चार पौंडांपर्यंत असेल तिची पट्टी कुळाऐवजी जमीनदाराने भरायची होती. म्हणजे ज्याच्याकडे लहान कुळे जास्त त्याच्यावर बोजा जास्त, आणि ती कुळे खंड देत नसली तरी बोजा कायम. १८४७च्या जून महिन्यात मदतीचा सगळा भार याच पट्टीवर टाकला गेला, आणि ‘ग्रेगरी कलम’ नावाच्या तरतुदीने असेही ठरवले, की पाव एकराहून अधिक जमीन धरून असलेल्याला सार्वजनिक मदत मिळणार नाही. भुकेल्या माणसाने भाकरीसाठी जमीन सोडावी आणि जमीनदाराने पट्टी वाचवण्यासाठी माणूस हटवावा, अशी सोय कायद्याच्या दोन कलमांनी मिळून केली. कोणा एकाच्या दुष्टपणाची त्यासाठी आवश्यकता उरली नाही.

महॉनच्या जमीनदारीचा मुखत्यार जॉन रॉस महॉन हा डब्लिनच्या एका प्रतिष्ठित पेढीचा भागीदार होता. त्याने हिशेब मांडला. निराधार कुळांना वर्षभर वर्कहाऊसमध्ये पोसण्याचा खर्च त्यांना जहाजाने कॅनडात पाठवण्याच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट येत होता. शिवाय पोसण्याचा खर्च दरवर्षीचा आणि जहाजाचे भाडे एकदाच. मेजर महॉन प्रथम कचरला, पण अखेर पटला. हिशेबात चूक नव्हती. अर्थशास्त्राच्या वर्गात असा हिशेब फळ्यावर मांडला तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. फळ्यावर जे येत नाही ते असे, की दोन पर्यायांची तुलना करणारा आणि त्या पर्यायांत मोजला जाणारा ही माणसे वेगळी होती. आणि तिसरा पर्याय, म्हणजे कुळे जागेवर ठेवून खंड सोडून देणे, त्या तक्त्यात नव्हताच. कर्जबाजारी जमीनदाराला तो परवडणारा नव्हता हेही खरे.

मे १८४७मध्ये १,४९० माणसे स्ट्रोक्सटाउनहून निघाली. रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत सुमारे १६५ किलोमीटर पायी. ती खरोखरच पुढे जातात, वाटेतून परतत नाहीत, हे पाहायला जमीनदारीचा नोकर बरोबर होता. डब्लिनहून बोटीने लिव्हरपूल, आणि तिथून ‘व्हर्जिनियस’, ‘नेओमी’, ‘जॉन मन’ आणि ‘एरिन्स क्वीन’ या चार जहाजांतून क्वेबेक. एकट्या ‘व्हर्जिनियस’वर ४७६ प्रवासी होते, त्यांपैकी १५८ समुद्रातच वारले. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या बेटावर रोग्यांना अलग ठेवण्याची व्यवस्था होती. टायफसच्या ज्वराने त्या बेटावर १८४७ या एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसांना मूठमाती मिळाली, आणि त्यांत स्ट्रोक्सटाउनचीही होती.

जी गेली नाहीत त्यांच्या घरांची छपरे उतरवली गेली. आता संघर्ष आला तो हवेली आणि चर्च यांच्यात. मायकल मॅक्डरमॉट हे त्या वेळचे पॅरिशचे कॅथलिक धर्मगुरू. ऑगस्ट १८४७मध्ये मदत समितीच्या बैठकीत त्यांची आणि मेजर महॉनची उघड चकमक झाली. २ नोव्हेंबर १८४७च्या संध्याकाळी रॉसकॉमनहून घोडागाडीने परतताना महॉनला गोळी घालून ठार करण्यात आले. त्या रात्री आसपासच्या टेकड्यांवर आनंदाने जाळ पेटवले गेल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. धर्मगुरूंनीच वेदीवरून चिथावणी दिली असा आरोप लंडनच्या लॉर्डांच्या सभागृहात झाला. मॅक्डरमॉट यांनी तो साफ नाकारला. डिसेंबरमध्ये सरकारने आयर्लंडसाठी दडपशाहीचा नवा कायदा मंजूर करून घेतला, आणि १८४८ साली खुनाबद्दल रॉसकॉमन येथे फाशी दिली गेली. त्याच वर्षी एल्फिनचे बिशप जॉर्ज ब्राऊन यांनी वादाला वेगळेच उत्तर दिले. महॉनच्या जमिनीवरून हटवलेल्या कुटुंबांची वाडीवार यादीच त्यांनी प्रसिद्ध केली. तिच्यातील माणसांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. या यादीवरही तेव्हा आक्षेप घेतले गेले, परदेशी पाठवलेल्यांना हटवलेले कसे म्हणायचे असे विचारले गेले. तरी एका खुनाची चर्चा चालू असताना, ज्यांची नावे कोणी विचारत नव्हते त्यांची गणना करावीशी वाटणे, ही त्या बिशपांची समज मोठी म्हटली पाहिजे.

आपल्याकडील वाचकाला या कहाणीतील एक नाव परके नाही. आयर्लंडच्या मदतकार्याची तिजोरी ज्याच्या हाती होती तो लंडनच्या अर्थखात्यातील सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन हिंदुस्थानात नोकरी करून परतला होता. कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात, माल्थस जेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते तेथे, त्याचे शिक्षण झाले होते. आयर्लंडनंतर तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १८६२ ते १८६५ या काळात कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा अर्थसभासद. माणसाबरोबर विचारही जहाजातून फिरत असतो. १८७७ साली दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलने कामावरील मजुराचे वेतन दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जेमतेम आणाभर इतके खाली आणले, तेव्हा मागे तीच काटकसरीची शिकवण होती. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्या वेतनावर काम नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. उलट दिशेने गेलेली एक गोष्टही नोंदवली पाहिजे: आयर्लंडसाठी परदेशांतून आलेल्या सर्वांत आधीच्या देणग्यांत कलकत्त्याहून गेलेल्या वर्गणीचा समावेश होता.

रॉसकॉमन काउंटीची लोकसंख्या १८४१ साली अडीच लाखांहून थोडी अधिक होती. १८५१ साली ती पावणेदोन लाखांच्या आत आली. गळती तेथे थांबली नाही. २०२२च्या गणनेत हा आकडा सुमारे ७० हजार आहे. संपूर्ण बेटाची १८४१ची लोकसंख्या ८१ लाखांवर होती आणि आज, पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, ती त्याहून कमीच आहे. वारशाच्या गप्पा मारणाऱ्या कोणत्याही आयरिश गावाला या आकड्यांना वळसा घालून जाता येत नाही. काही गावे तसा प्रयत्न करतात. स्ट्रोक्सटाउनने तो केला नाही, हे त्याचे वेगळेपण.

तेथील मांडणी साधी आहे. हवेलीत चांदीची भांडी, मुलांची खेळणी, सज्जाचे स्वयंपाकघर जसेच्या तसे. आणि त्याच आवारात, तबेल्यांच्या जागी, उपासमारीचे कागद. पाहणाऱ्याने एका दारातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरायचे. हवेली पाडून नुसते स्मारक उभारले असते तर कुळांचे दुःख आकाशातून पडल्यासारखे वाटले असते. संग्रहालय वगळून नुसती हवेली दाखवली असती तर चांदीची भांडी आकाशातून पडल्यासारखी वाटली असती. या व्यवस्थेवर टीका नाही असे नाही. भुकेच्या संग्रहालयाजवळ उपाहारगृह असावे काय, तिकीट काढून दुष्काळ पाहावा काय, असे प्रश्न उपस्थित होतात आणि ते गैरलागू नाहीत. पण छपराची गळती बंद करायला पैसे लागतात. २०१५पासून आयरिश हेरिटेज ट्रस्टने हवेलीची जबाबदारी घेतली आहे, आणि संग्रहालय नव्याने रचून २०२२ साली पुन्हा खुले झाले. मूळ कागदपत्रे मेनूथ विद्यापीठ आणि सरकारचे सार्वजनिक बांधकाम खाते यांच्या संयुक्त अभिलेखागाराकडे सोपवली गेली. मालकीचे दप्तर विद्यार्थ्याच्या टेबलावर आले, हा सगळ्या व्यवहारातील बहुधा सर्वांत टिकाऊ भाग.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या त्या अष्टकोनी चर्चमध्ये पुढे काउंटीच्या वंशावळींचे केंद्र चालवले गेले. कॅनडा-अमेरिकेतून आलेली माणसे आपल्या खापरपणज्याचे गाव शोधत तेथे येत. जनगणना जळालेली असल्याने त्यांचा आधार म्हणजे पॅरिशच्या बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या. जमीनदाराच्या वहीत माणूस थकबाकी म्हणून येतो, चर्चच्या वहीत कोणाचा तरी मुलगा म्हणून. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशच्या या वह्यांची छायाचित्रे २०१५ साली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

‘व्हर्जिनियस’वर डॅनियल टाय नावाचा मुलगा आणि त्याची बहीण कॅथरिन होती. कॅनडात उतरल्यावर त्या दोघांखेरीज कुटुंबातील कोणी उरले नाही. क्वेबेकमधील एका फ्रेंचभाषी निपुत्रिक जोडप्याने दोघांनाही सांभाळले आणि त्यांचे आयरिश आडनाव बदलले नाही. २०१३ साली डॅनियलच्या वंशातील एक वृद्ध गृहस्थ स्ट्रोक्सटाउनला आले.

त्या १,४९० जणांच्या वाटेवर आता पायवाट आखली आहे. हवेलीपासून निघून कालव्याच्या काठाने ती डब्लिनच्या बंदरापर्यंत जाते. वाटेत ठिकठिकाणी लहान मुलाच्या बुटांचे ब्राँझमधील जोड बसवले आहेत. एका पडक्या झोपडीच्या गवती छपरात एकत्र बांधून ठेवलेले एकोणिसाव्या शतकातील बूट सापडले होते. त्यांच्यावरून ते घडवले. शाळेतली मुले ही वाट चालतात, आणि प्रत्येकाला त्या माणसांपैकी कोणा एकाचे नाव बरोबर घेऊन चालता येते.